अक्काची कड

आमच्या जव्हारच्या घरात पाळणा कधी नव्हता, झोळी होती. आजीचं विरलेलं लुगडं दुहेरी करून तुळईवरून सोडायचं, टोकांची वर गाठ बांधायची आणि ती गाठ दोनदा लोंबकळून बघायची. खाली जी खोलगट जागा होते तिथं गोधडीचा तुकडा घालायचा. मग मुलाच्या तोंडाच्या वर, कापडाच्या दोन बाजूंमध्ये, वीतभर बांबूची काडी आडवी बसवायची. ती काडी नसली तर कापड मिटतं आणि मुलाचा जीव घुसमटतो. झोळीला एक दोरी असे आणि दोरीचं दुसरं टोक अक्काच्या पायाच्या अंगठ्याला. अक्का भिंतीला टेकून पाय लांब करून बसायची, अंगठा हलवत राहायची आणि मांडीवरच्या सुपातले तांदूळ निवडायची.

अक्का म्हणजे आमच्या मोठ्या काकांची थोरली. तीन भाऊ, तीन जावा आणि आम्ही सात भावंडं, असं ते एकत्र घर होतं. जव्हारहून मोखाड्याकडं जाणाऱ्या रस्त्यापासून आत, उतारावरचा पाडा. कारवीच्या कुडाच्या, शेणानं सारवलेल्या भिंती. अक्काच्या पाठीवर आम्ही सहा जण आलो आणि सहाही जण तिच्या कडेवर वाढलो. तिच्या डाव्या कमरेला अजून एक बाक आहे. म्हातारपणानं आलेला नाही तो. माझ्या आठवणीत अक्का सरळ उभी असलेली मला कधी दिसत नाही. एक बाजू बाहेर काढलेली, त्यावर कुणीतरी बसलेलं, अशीच दिसते.

हे सगळं पुन्हा वर आलं ते गेल्या उन्हाळ्यात. बोहाड्याला, म्हणजे सोंगांच्या उत्सवाला, सगळे गावी जमलो होतो. सोंगं निघायला अवकाश होता, संबळ-पिपाणी अजून लांब वाजत होती आणि ओटीवर आमच्या घरचा वाद रंगला होता. धाकट्या भावाची मुलगी वसईला असते. तिचा दीड वर्षाचा मुलगा सकाळी साडेआठ ते संध्याकाळी सात पाळणाघरात असतो. चुलतभावाच्या नाशिकच्या सुनेनं बाळ झाल्यावर चांगली नोकरी सोडली. दोघी समवयस्क, दोघींचं एकमेकींशी चांगलं जमतं, पण विषय निघाला की दोघींचे आवाज चढतात. एक म्हणे, मी घरी बसले म्हणून माझं शिक्षण वाया गेलं असं कुणी समजू नये. दुसरी म्हणे, मी मुलाला टाकून जाते असं तोंडावर बोलत नाहीत, पण सगळ्यांच्या डोळ्यांत ते दिसतं.

तेवढ्यात भाऊ म्हणाला, "आम्ही काय पाळणाघरात वाढलो का? आया घरी होत्या. आजी घरी होती. म्हणून धडधाकट राहिलो."

तो हे मनापासून म्हणाला. त्याच्यापुरतं त्याला तसंच आठवतं. मी मात्र अंथरुणावर पडल्यावर मनाशी एकेका महिन्याला विचारत गेले: आई घरी होती? कधी?

ज्येष्ठात राबावर पेरणी. भाताच्या रोपांचं आवण तयार झालं की आषाढात आवणी. पहाटे भाकऱ्या थापून तिघी जावा इरली घेऊन बाहेर पडायच्या. दिवसभर गुडघाभर चिखलात वाकून, पाठीवर इरलं, वरून जव्हारचा पाऊस. तो कसा पडतो ते इथल्या माणसालाच ठाऊक. आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. त्यानंतर वरकसावर नागली-वरई लावायची. श्रावण-भाद्रपदात बेणणी. दिवाळीच्या आगेमागे कापणी, मग झोडणी. पौषात सरपण. चैत्रात पहाटेच्या काळोखात मोहाची फुलं वेचायला आजी सगळ्यांच्या आधी बाहेर पडायची. आजी म्हणताना आपल्या डोळ्यांपुढं जपमाळ घेऊन बसलेली म्हातारी येते. आमची आजी तेव्हा पन्नाशीचीही नव्हती आणि भारेच्या भारे लाकूड डोक्यावर आणायची. उन्हाळ्यात रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला तिघी जावा जायच्या. पाणी तर बाराही महिने वाहून आणायचं. माझ्या आईनं मला सांगितलेलं आहे: धाकटा झाला तेव्हा ती बाराव्या दिवशी बांधावर उभी होती, कारण आवण वर येऊन थांबलं होतं आणि आवण बाळंतिणीसाठी थांबत नाही.

तेव्हा आई घरी नव्हती. आजीही घरी नव्हती. घरी अक्का होती. तिचं वय नऊ.

अंगावर पिणारं मूल आया कधीकधी शेतावर न्यायच्या. बांधावरच्या ऐनाच्या फांदीला झोळी बांधायची, वर पळसाची पानं टाचून आडोसा करायचा. पण अक्का तिथंही सोबत लागायचीच. मुंग्या बघायला, विंचू बघायला, मूल रडलं की चिखलातल्या आईला हाक मारायला. दुधाचं मूल आईजवळ तरी असे. खरी आबाळ व्हायची ती त्यापुढच्या वयात, एक ते तीन वर्षांच्या मुलाची. अंगावरचं दूध कमी झालेलं, स्वतःच्या हातानं नीट खाता येत नाही, पोट वाटीएवढं. त्याला दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं मऊ, गरम भरवायला हवं. ते भरवायला घरात मोठं माणूस हवं. नऊ वर्षांची पोर काय करणार? सकाळची नागलीची भाकरी पाण्यात कुस्करून द्यायची, नाहीतर थंड पेज. मूल दोन घास खाऊन तोंड फिरवायचं आणि तीही बिचारी कंटाळून सोडून द्यायची. आमच्यातले दोघं त्या वयात फार वाळले होते. दृष्ट लागली म्हणून उतरवून टाकायचे.

धाकट्याच्या उजव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत भाजल्याची खूण आहे. तो सव्वा वर्षाचा होता. अक्का त्याला ओसरीवर ठेवून विहिरीवर गेली होती, दोन हंडे आणायला, कारण आया यायच्या आत पाणी भरलेलं हवं असे. तो रांगत आत गेला आणि चुलीवरच्या पेजेच्या भांड्याला हात घातला. त्याची किंकाळी तिला वाटेवर ऐकू आली. हंडे तिथंच टाकून ती धावली. पुढचं सगळं गावानं केलं, जव्हारपर्यंत त्याला उचलून नेलं, तो वाचला. संध्याकाळी अक्काला मार बसला. मग जन्मभर, हाताची ती खूण निघाली की "अक्काचं लक्ष नव्हतं" हे वाक्य आमच्या घरात निघत आलंय. मीही ते म्हटलेलं आहे. आज मला ते म्हटल्याची फार लाज वाटते. नऊ वर्षांच्या मुलीकडं सव्वा वर्षाचं मूल, पेटलेली चूल आणि दोन हंडे हे सगळं एकाच वेळी कुणी दिलं, हे त्या घरात कुणीच कुणाला विचारलं नाही.

शाळेचंही तेच. अक्का चौथीपर्यंत शिकली असं आम्ही सांगतो. खरं तर ती चौथीच्या वर्गाबाहेर शिकली. कडेवर माझा धाकटा भाऊ घेऊन ती शाळेत जायची. तो रडला की गुरुजी तिला बाहेर काढायचे. पोर घेऊन वर्गात बसायचं नाही. मग ती पडवीत, खिडकीखाली, एक पाय दुमडून त्यावर मूल निजवून बसायची आणि आतले पाढे ऐकायची. मी तेव्हा बिगरीत होते, दारातून मला ती दिसायची. तिला एकोणतीसपर्यंतचे पाढे येतात, लिहिताना मात्र अक्षरं वाकडी होतात, कारण ऐकून पाढे येतात, अक्षर वळत नाही. पाचवीचं नाव घातलंच नाही. तोवर काकीला पुढचं मूल झालं होतं.

मी शिकले. मी मास्तरीण झाले, छत्तीस वर्षं शिकवलं. अध्यापक विद्यालयात असताना अनुताई वाघांचं 'कोसबाडच्या टेकडीवरून' माझ्या हाती पडलं. वाचता वाचता मी रडले होते आणि मैत्रिणींना वाटलं घरून वाईट बातमी आली.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ही नावं मराठी वाचकाला नवी नाहीत. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम केलेल्या ताराबाईंनी 1945 साली बोर्डीला ग्राम बालशिक्षण केंद्र काढलं. तेरा-चौदाव्या वर्षी विधवा झालेल्या, जिद्दीनं शिकलेल्या अनुताई तिथं त्यांना येऊन मिळाल्या. 1957 मध्ये दोघी कोसबाडच्या टेकडीवर गेल्या, वारल्यांच्या पाड्यांमध्ये. आमच्या डोंगरावरून खाली डहाणूकडं उतरलं की तीच ही टेकडी. माँटेसरीची महागडी साधनं तिथं परवडणारी नव्हती, म्हणून त्यांनी बिया, शिंपले, पानं, काड्या यांची साधनं केली. मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळा त्यांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द तिथून आला. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावर शाळा भरवली. पण मला रडवलं ते विकासवाडीनं. तिथं पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात होती. का, तर मोठी मुलगी शाळेत येत नाही, कारण तिच्या कडेवर धाकटं आहे. मग धाकट्यालाही बोलवा. ते पाळण्यात राहील, मधलं बालवाडीत बसेल, आणि थोरलीची कड मोकळी होईल.

मी पुस्तक मिटलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं आमच्या शाळेची पडवी होती. माझ्या जन्माआधीच, आमच्याच जिल्ह्यात, दोन बाया ही गाठ सोडवून बसल्या होत्या. आमच्या पाड्यापर्यंत ते पोचलं नाही एवढंच.

पोचलं त्यातलं थोडं, उशिरा. 1975 च्या 2 ऑक्टोबरला एकात्मिक बालविकास योजना देशात 33 ठिकाणी सुरू झाली आणि ताराबाईंचा शब्द सरकारी झाला. ताराबाई त्याआधी दोन वर्षं गेल्या होत्या. पुढं 1992 साली आमच्याच तालुक्यात वावर-वांगणीला कुपोषणानं मुलं गेली. सगळ्या महाराष्ट्रानं तेव्हा जव्हारचं नाव ऐकलं, तेही अशा कारणानं. त्याच साली सप्टेंबरात अनुताई गेल्या. वावर-वांगणीला मंत्री आले, गाड्या आल्या, वर्तमानपत्रांनी बरंच लिहिलं. धान्य नाही, रस्ते नाहीत, डॉक्टर नाहीत, हे सगळं लिहिलं गेलं आणि ते खरंच होतं. ते वाचताना मला मात्र सारखी ती पाण्यात कुस्करलेली भाकरी दिसत होती. घरात नागली असूनही मूल वाळतं, भरवायला मोठं माणूस नसलं की. आणि दिवाळीनंतर जी घरं भिवंडी-वसईकडं वीटभट्टीवर उठून जातात त्यांच्याकडं तर ना घर राहतं ना अंगणवाडी. अक्काची एक मैत्रीण दरसाल अशी जायची. उचल घेतलेली असायची, आई-बाप रात्रीपासून विटा पाडायला बसायचे, आणि हिच्याकडं भाऊ. पावसाच्या तोंडाला परत आली की अक्काला सांगायची, तिकडं झोळी बांधायला झाडसुद्धा नसतं.

त्यानंतर काही वर्षांनी आमच्या पाड्यावर अंगणवाडी आली आणि अक्का तिथं मदतनीस लागली. लग्न होऊन ती शेजारच्याच पाड्यावर दिली होती, मुलं मोठी झाली होती. पहिलं मानधन मिळालं तेव्हा तिनं वाकड्या अक्षरात सही केली. घरी येऊन पैसे माझ्या आईच्या हातावर ठेवले आणि म्हणाली, "काकी, पोरां सांभाळायचे पैसे देतात." तिला आश्चर्य वाटलं होतं. आईनं ते पैसे कपाळाला लावून तिला परत दिले, आणि दोघी बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

अक्काच्या अंगणवाडीत मी एकदा सुट्टीत दिवसभर जाऊन बसले. आढ्याला लोंबता वजनकाटा होता आणि त्याला कापडाची चड्डीसारखी झोळी. मूल त्यात बसवलं की पाय लोंबतात, मूल घाबरून आकांत करतं. अक्का एका हातानं मुलाच्या पाठीला आधार द्यायची, पण वजनात फरक पडू नये म्हणून बोटं जेमतेम टेकवायची, आणि तोंडानं काहीबाही बोलत राहायची. अंगणवाडीच्या बाई आकडा वाचायच्या आणि तक्त्यावर टिंब द्यायच्या. तिसऱ्या-चौथ्या श्रेणीतलं मूल असलं की अक्का त्याच्या आईला बाजूला घेऊन विचारायची, "दिवसाचा कुनाकडं ठेवतीस?" औषध, खाणं हे नंतर. तिचा पहिला प्रश्न हा असायचा. उत्तर बहुतेक वेळा एका मुलीचं नाव असे.

आणि इथंच अंगणवाडीही हात टेकते. तीन ते सहा वर्षांची मुलं काही तास बसतात, गरम आहार मिळतो. तीनच्या खालच्यांना घरी न्यायचा शिधा. घरी न्यायचा, म्हणजे घरी कोण, हा प्रश्न पुन्हा होताच तिथं. आता केंद्राच्या 'पाळणा' योजनेत अंगणवाडीला जोडून पाळणाघर काढायची तरतूद आहे. रोजगार हमीच्या कायद्यात तर मागंच लिहिलं होतं की कामावर पाच किंवा जास्त लहान मुलं आली तर मजुरांतल्या एका बाईला त्यांच्याजवळ बसवायचं आणि तिला मजुरी इतरांइतकीच द्यायची. मला हा नियम फार आवडतो. मूल सांभाळणं म्हणजे खडी फोडण्याइतकंच काम, असं त्यात सरळ म्हटलंय. तो किती कामांवर पाळला गेला ते मजुरीवर जाणाऱ्या कुठल्याही बाईला विचारावं.

आता पुन्हा ओटीवर येते. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी मी भावाला म्हटलं, "आया घरी नव्हत्या. अक्का घरी होती." तो गप्प झाला. मग त्यानं आपल्याच हाताच्या खुणेकडं पाहिलं. तोच तो धाकटा. मला त्याला दुखवायचं नव्हतं, पण हे कधीतरी बोलायलाच हवं होतं. पाळणाघर की घर, असं जेव्हा आपण विचारतो तेव्हा 'घर' या शब्दामागं कुणीतरी एक हाडामांसाचं माणूस उभं असतं. आमच्या घरात ते माणूस नऊ वर्षांचं होतं आणि त्याची शाळा सुटली. नाशिकच्या घरात ते माणूस आमची सून आहे. तिनं स्वतःहून निवडलंय आणि मुलाचं पहिलं पाऊल, पहिला शब्द तिच्या पदरात पडतोय. मला तिचा हेवा वाटतो. माझ्या आईला बारा दिवस मिळाले. तिला हे सुख कुणी देऊ केलं असतं तर तिनं ते दोन्ही हातांनी घेतलं असतं. वसईच्या मुलीला तिच्या नोकरीत 26 आठवड्यांची रजा मिळाली, 2017 च्या दुरुस्तीमुळं. पन्नास किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेत पाळणाघराची सोय असावी असंही त्याच दुरुस्तीत आहे, पण तिची कचेरी छोटी. म्हणून ती स्वतः शोधून, पैसे भरून मूल ठेवते. मी तिच्या बाजूनं आहे, ते तिला मी त्याच सकाळी सांगितलं. कारण तिच्या मुलामुळं कुठल्या मुलीची शाळा सुटलेली नाही.

अक्का हे सगळं ऐकत चुलीपुढं बसली होती. दोन्ही बाजूंनी तिला ओढायचा प्रयत्न चालला होता. "अक्काआत्या, तूच सांग." ती काही सांगेना. वसईच्या मुलाला तिनं कडेवर घेतलं होतं, त्याच डाव्या बाजूला, आणि मऊ भात बोटांनी कुस्करून त्याला भरवत होती. मग तिनं त्याच्या आईला विचारायला सुरुवात केली, अंगणवाडीत विचारायची तशी. पोरं किती असतात? खायला काय देतात, गरम का गार? दुपारी निजवतात कुठं, खाली का खाटेवर? चूल, गॅस कुठं असतो, पोरांचा हात पोचतो का? भाची एकेकाचं उत्तर देत होती. स्वच्छ आहे, वरण-भात असतो, गाद्या घालतात, स्वयंपाकघराला दार आहे.

"आन् बाई?"

"दोन आहेत. एक घराच्या मालकीण आणि एक कामाला."

"त्या कामाच्या बाईला पगार किती?"

भाचीला ते माहीत नव्हतं. दीड वर्षाच्या मुलाला रोज दहा तास जिच्या हातात देते तिचा पगार आपण कधी विचारला नाही, हे तिच्या त्याच क्षणी ध्यानात आलं असावं. ती लाल झाली. अक्का रागावली नव्हती. "विचार हो," एवढंच म्हणाली आणि पुढचा घास मुलाच्या तोंडाशी नेला.

रात्री सोंगं बघायला सगळे गेले. अक्का मागं राहिली, मुलाला निजवायला. मी परत आले तर तुळईवरून झोळी सोडलेली, आडवी काडी नीट बसवलेली, आणि दोरी अक्काच्या अंगठ्याला. ती बसल्या जागी पेंगत होती. अंगठा हलत होता.

पंधरा दिवसांनी वसईहून फोन आला. भाचीनं विचारून घेतलं होतं. मी फोन मोठ्यानं लावून अक्कापुढं धरला. भाचीनं आकडा सांगितला. अक्कानं तो ऐकला, बोटांवर काहीतरी मोजलं आणि विचारलं, "पोरं किती म्हनलीस?"

"बारा."

"बारा," अक्का म्हणाली. "मंग तिला दुपारचं कोन जेवू घालतं?"